गोड्या विहिरीवर पाणी कोण भरत होते

ओसरीवर बसलेले म्हातारे माणूस बोलू लागले की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: "आमच्या वक्ती असं नोतं." आमच्या वऱ्हाडात या वाक्यापाशीच दोन पिढ्यांचे बोलणे संपते. ऐकणारा मान डोलावून मोबाईल काढतो, सांगणारा आणखी दोन तक्रारी करून गप्प होतो. मला वाटते, ते वाक्य आठवण नसते, मत असते; आणि वर्षानुवर्षे सांगून सांगून ते मत इतके गुळगुळीत झालेले असते की त्यावर काही टिकत नाही. आठवण त्याच्या खाली असते. ती वर यावी असे वाटत असेल, तर "तुमचा काळ कसा होता" असे विचारून उपयोग नसतो. काम विचारावे लागते. सकाळी उठून पहिले काय करायचे, पाणी कुठून यायचे, निंदणाची मजुरी कशी मिळायची, कापूस कुणाच्या बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, जायचा, हे एकेक विचारत गेले की म्हातारे माणूस जरा थांबते, डोळे बारीक करते, आणि मग जे बोलते ते त्याने स्वतःही बरेच दिवसांत ऐकलेले नसते.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझे गाव दर्यापूर आणि मूर्तिजापूर यांच्या मधल्या पट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. काळी जमीन खोल, झाडे विरळ, आणि जमिनीखालचे पाणी खारट. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खणली की पाणी लागते, पण ते ना पिण्याचे ना ओलिताचे. म्हणून शेती पावसावर, आणि पावसाळ्यात जो कापूस, मूग, तूर येईल, हिवाळ्यात ओलीवर जो हरभरा येईल, त्यावर वर्ष काढायचे. बाहेरच्या वाचकाला हे सांगणे जरूर आहे, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात पाण्याची चव वारंवार येईल.

आमच्या घरातले आबाजी, म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे चुलत भाऊ, आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचे आवडते विधान कापसाबद्दलचे आहे, आणि वऱ्हाडातल्या त्यांच्या वयाच्या प्रत्येक शेतकऱ्याचे ते आवडते विधान असते. "एका क्विंटलात तोळाभर सोनं येत होतं, पोरी. आता बारा क्विंटल विका, तरी येत नाई." हिशेब खोटा नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी दहा ग्रॅम सोन्याचा भाव दोनशे रुपयांच्या आसपास होता आणि क्विंटलभर कापसाचे पैसेही त्याच घरात होते. उलट २०२५-२६ या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि सोने लाखाच्या पुढे गेले होते. शेतकऱ्याच्या घामाची किंमत कशी घसरली हे दाखवायला याहून सोपा दाखला मिळणार नाही, म्हणून भाषणांतून तो येतो, लेखांतून येतो, आणि मीही वर्गात तो पुष्कळदा दिला आहे.

पण एकदा मी त्यांना पुढचे विचारले. किती एकरांत कापूस होता, एकरी किती यायचा, आणि घरात दर वर्षी किती तोळे आले? आबाजी बोटे मोजू लागले. सोळा एकरांपैकी सात-आठ एकर कपाशी, बाकी जवारी, तूर, मूग. घरचीच सरकी शेणामातीत चोळून, तिची लव बसवून पेरायची. गावरानी कपाशीचा उतारा एकरी दीड क्विंटल, साल चांगले असले तर दोन. म्हणजे सगळा मिळून बारा-चौदा क्विंटल. त्यातून सालदाराचे साल, दुकानदाराची उधारी, सावकाराचे व्याज, बैल मेला तर बैल. सोने? "घेतलं ना, दोघी बहिणींच्या लग्नात." आणि मग जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे: "त्यातलं एकीचं पुन्हा गहाण पडलं."

१९७२ साली राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली, तेव्हाचे दिवस त्यांना लख्ख आठवतात. गावात त्या योजनेला कुणी योजना म्हणत नसे; "फेडरेशन लागलं" असे म्हणत. खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे, बंडीखाली बैलांच्या शेजारी रात्र काढावी लागे, शिदोरीची भाकर तिसऱ्या दिवशी कडक होई. सकाळी ग्रेडर येऊन बंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि मूठभर कापूस काढून उजेडाकडे धरायचा. त्या मुठीकडे पाहत उभे राहण्याचा तो क्षण आबाजींनी मला उठून, हात खुपसून करून दाखवला. व्यापाऱ्याच्या काट्यापेक्षा फेडरेशनचा काटा बरा होता हे ते मान्य करतात. चुकारा मात्र एकरकमी मिळत नसे, आणि मधल्या काळात घर सावकारावरच चाले. संकर-४ हे कपाशीचे संकरित वाण १९७० साली गुजरातेत सुरत येथे तयार झाले, ते पुढे आमच्याकडे आले. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. या दोन टप्प्यांत उतारा वाढला आणि सरकी घरची राहिली नाही. सोन्याच्या एका वाक्यात यातले काहीच मावत नाही.

त्या वेळी ओसरीच्या पायरीवर मावशी बसल्या होत्या. त्या आमच्या नात्यातल्या नाहीत. आमच्या शेतात त्यांनी तरुणपणापासून निंदण केले, वेचणी केली, आणि आता पंचाहत्तरीच्या आसपास त्या नुसत्या बसायला येतात. त्या मधेच म्हणाल्या, "सोनं पाह्यलं कोनं बाप्पा? आमी तं जवारी पाहो." बहात्तरच्या सुमाराला दिवसभर निंदले की बाईला दीड रुपया मिळे, असे त्यांनी सांगितले, आणि त्या दीड रुपयात दोन किलो जवारीही येत नसे. घरात खाणारी सहा तोंडे. आज आमच्याकडे बाईला अडीचशे-तीनशे रुपये रोज मिळतो आणि जवारी पस्तीस-चाळीस रुपये किलो आहे. म्हणजे सोन्यात मोजले तर मजूर बाईही मागेच पडली. जवारीत मोजले तर तिच्या एका दिवसाला सहा-सात किलो धान्य येते. एकाच गावाचे, एकाच वर्षाचे हे दोन हिशेब आहेत आणि दोन्ही खरे आहेत. कोणते माप हातात घ्यायचे, हे मला कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाआधी मावशींनी शिकवले. आबाजी त्यावर काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून माझ्यासमोर तरी ते सोन्याचे वाक्य मावशींकडे पाहून म्हणतात.

जुन्या माणसांच्या आठवणीत सन नसतो, घटना असते. "फेडरेशन लागलं तवा", "पूर्णा गावात शिरली त्या साली", "बाबा गेले तवा". सन आपण शोधायचा असतो, आणि तो शोधताना कधी कधी विलक्षण काहीतरी हाती लागते. १९५६ सालच्या शरदाबद्दल मी आमच्या गावातल्या तीन म्हाताऱ्यांना विचारले, आणि तीन वेगळी गावे ऐकली.

आबाजी तेव्हा अठरा वर्षांचे, दर्यापूरला शिकत होते. त्यांना आठवतो तो नकाशा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि नागपूर राजधानी राहिले नाही. "कालपर्यंत नागपूरले सरकार होतं, दुसऱ्या दिवशी मुंबईले गेलं," हे ते आजही दुखावल्या स्वरात सांगतात. वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा मात्र बरेच दिवस जुनाच राहिला आणि मास्तर त्यावर छडी ठेवून नव्या सीमा तोंडी सांगत.

बौद्धवाड्यातले काकाजी तेव्हा नऊ वर्षांचे होते. पुढे त्यांनी आयुष्यभर तालुक्याच्या जिनिंगमध्ये काम केले आणि त्यांचे खोकणे अजून त्या रुईची साक्ष देते. १४ ऑक्टोबर १९५६, दसऱ्याचा दिवस, नागपूर. बापाबरोबर ते गेले होते. मी अपेक्षेने विचारले की बाबासाहेब दिसले का, भाषण ऐकू आले का. ते म्हणाले, एवढ्याशा पोराला माणसांच्या पाठी दिसल्या. आईने धुऊन दिलेले पांढरे कपडे, भाकरी आणि तिखटाची चटणी बांधलेले फडके, आणि ते फडके हरवू नये म्हणून घट्ट धरलेली मूठ, एवढेच पक्के आठवते. परत आल्यावर काय झाले ते मात्र तपशीलवार आठवते. बापाने घरातले देव नदीत सोडले. काही दिवसांनी गावातला एक बैल मेला तेव्हा तो ओढून न्यायचा निरोप आला, आणि बाप म्हणाला, येत नाही. एवढेच. पाटलाच्या माणसाने तीनदा चकरा मारल्या. तो बैल दोन दिवस पडून राहिला, आणि त्या दोन दिवसांत आई दाराची कडी लावून बसली होती.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले आणि चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीपाशी गाडगेबाबा गेले. आमच्या भागात गाडगेबाबा म्हणजे घरचे माणूस. त्यांचे जन्मगाव शेंडगाव याच बाजूला अंजनगावकडे, बालपण मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला मामाच्या घरी गेलेले, आणि पौषातल्या ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेच्या काठी ते झाडू घेऊन हजर असल्याचे सांगणारी माणसे आमच्या लहानपणी पुष्कळ होती. आबाजी अमरावतीला अंत्ययात्रेला सायकलने गेले. काकाजींच्या घरात चौदा दिवसांपूर्वीची चूल अजून नीट पेटली नव्हती. तिसरी आमची मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती तेव्हा माहेरी पंधरा वर्षांची होती, आणि तिच्या त्या शरदात राजधानी नाही, दीक्षा नाही, बाबा नाहीत. तिला आठवते ती वेचणी, थंडीने फुटलेली आणि बोंडांनी ओरखडलेली बोटे, आणि लग्न ठरले आहे हे शेजारणीकडून कळणे.

ही तीन माणसे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर राहतात. गावाचा इतिहास लिहायचा झाला तर तिघांपैकी कुणा एकाला विचारून तो पूर्ण होणार नाही, हे कुणीही मान्य करील. पण आपण प्रत्यक्षात काय करतो? आपल्या घरातल्या म्हाताऱ्याला विचारतो आणि त्यालाच "जुना काळ" म्हणतो. आबाजी मनापासून सांगतात की गाव तेव्हा एक होते, सगळे एकमेकांच्या सुखदुःखात असत. त्यांचे गाव तसे होतेही. ते खोटे बोलत नाहीत, आणि त्या गावातला जिव्हाळा आज कमी झाला असेल तर त्याचे दुःख खरे आहे. पण ज्या घराची कडी आतून लागली होती, ते घर त्यांच्या त्या वाक्यात नव्हते.

आता पाण्याकडे येते. शहानूर धरणाचे पाणी नळाने येऊ लागले त्याआधी खारपाणपट्ट्यातल्या बाईचा अर्धा दिवस पाण्यात जाई. मुलगी या पट्ट्यात द्यायला लोक कचरत, आणि ज्यांनी दिली त्यांनी आधी गावात गोडे पाणी किती लांब आहे हे विचारलेले असे. उन्हाळ्यात नाल्याच्या कोरड्या पात्रात झिरे खोदत. मोठ्या आईला मी झिऱ्याबद्दल विचारले तेव्हा ती "काय सांगू माय" म्हणून गप्प बसली नाही; तिने स्वयंपाकघरातून वाटी आणली, ओसरीवर उकिडवी बसली आणि वाटी एका विशिष्ट कोनात जमिनीला टेकवली. झिऱ्यात पाणी सावकाश जमते. ते ओंजळभर झाले की वाटी तिरपी धरून काठाने अलगद आत घ्यायचे. सरळ बुडवली तर तळाची माती उठते आणि पुन्हा निवळेपर्यंत थांबावे लागते. "घाई केली का गढूळ. मागची बाई मंग बोंबले." एका गुंडाला, म्हणजे पाण्याच्या भांड्याला, किती वाट्या लागतात, ते तिला आजही ठाऊक आहे. एवढ्या बायका रात्रीच का जात, तर रात्री झिरा जास्त भरतो आणि रांग कमी असते. त्या रात्रींत काय बोलणे चाले, कोण रडे, कोण कुणाच्या सासूची नक्कल करी, हे सांगताना तिचा आवाज इतका मोकळा झाला की मला नवल वाटले. नळ आला त्याचा तिला मनापासून आनंद आहे. "आता झिऱ्यावर जाय म्हनशीन तं मी जानार नाई" असे ती स्वच्छ सांगते. तरीही गावातल्या सगळ्या बायका एकत्र बसण्याची दुसरी जागा नंतर कुठलीच उरली नाही, हे तिनेच मला दाखवून दिले, आणि त्यात तिला काही विसंगती वाटत नाही. मलाही वाटत नाही. बदल चांगला असतो आणि त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते, या दोन गोष्टी एकाच तोंडाने सांगण्याचा सरळपणा मला त्या पिढीतल्या बायकांमध्ये जास्त दिसतो.

गावात एकच विहीर गोडी होती. मारोतीच्या पाराजवळची. खाऱ्या पट्ट्यात गोडी विहीर म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय गावातले वजन कुणाकडे होते ते कळणार नाही. मी आबाजींना विचारले की त्या विहिरीवर पाणी कोण भरत असे. ते म्हणाले, सगळे. कुणाला कधी अडवले नाही. नंतर काकाजींना विचारले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "कोनी अडवलं नाई, हे खरं हाय. कोनी गेलंच नाई, तं अडवन कोन?" अस्पृश्यता हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला होता. मी तो दाखला दिला तेव्हा ते म्हणाले, "विहीर कायद्यानं उघडीच होती बाई. दोर अन् बादली त्याह्यची होती." बौद्धवाड्यातल्या बायका पाराच्या अलीकडे घागरी ठेवून उभ्या राहत, आणि कुणी वरून ओतून दिले तर घरी गोडे पाणी जाई, नाहीतर झिरा, आणि तोही नाल्यात खालच्या अंगाचा. मोठ्या आईला विचारले तेव्हा तिने वरून पाणी ओतल्याचे सांगितले. ते ती पुण्य म्हणून सांगत होती. घागरीत धार पडताना समोरच्या बाईचे तोंड कसे होते, असे मी विचारले. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "मी तोंडाकडे नाई पाह्यलं कधी. धारेकडे पाहो." हे वाक्य तिच्याकडून यापूर्वी कधी कुणी काढून घेतले नव्हते, ते तिचे तिलाही नवे होते, असे तिच्या चेहऱ्यावरून मला दिसले.

काम विचारले की मत हलते ते असे. आणखी एक उदाहरण जवारीचे. आबाजींचे म्हणणे, आजच्या पोरांना मेहनत नको म्हणून गोठे ओस पडले. मी फक्त गोठ्याचा क्रम विचारला: आधी काय गेले? त्यांनी जो क्रम लावला तो कुणाही कृषी अधिकाऱ्याने वहीत उतरवून घ्यावा असा होता. जवारीला भाव राहिला नाही, सोंगणीला माणूस मिळेना, रानडुकरे उभे पीक आडवे करू लागली, म्हणून जवारी कमी केली. जवारी गेली तसा कडबा गेला. कडबा विकत घेऊन बैल परवडेना. बैल गेले तसे शेणखत गेले, आणि वखर-डवरा वळचणीला गेला. शेवटची जोडी कुणी विकली? "मीच," ते म्हणाले. तेव्हा मुलगा पुण्याला गेलेलाही नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी पोरांना दोष देणे सोडले असे नाही, पण आता ते जवारीपासून सुरुवात करतात.

आरोग्याबद्दलही असेच. "शुद्ध खानं होतं, दवाखाना मालूम नोता," हे मोठ्या आईचे मत. आणि तिची आठवण अशी की तिला सात लेकरे झाली आणि चार राहिली. एक देवीत गेले, एक जन्मताच, एक दोन दिवसांच्या तापात, बंडी तालुक्याला पोचण्याआधी. देवीची लस टोचायला माणसे येत तेव्हा सासूने लेकरे कोठीत लपवली होती, हे तिने अगदी हळू सांगितले. १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. तिच्या हिशेबी ते पाच-सहा वर्षे उशिरा झाले. तिच्या नातीचे लग्न ठरवायचे बोलणे चालू आहे. नातीने अलीकडे शेती करणाऱ्या एका चांगल्या मुलाला नकार दिला. आमच्या भागात शेतकरी मुलांची लग्ने जमत नाहीत हा मोठा प्रश्न आहे, आणि त्या मुलाच्या घरचे हाल मला दिसतात, म्हणून मला वाटले होते की मोठी आई नातीला बोल लावील. ती म्हणाली, "तिनं नाई म्हटलं ना? म्हनू दे. आमाले नाई म्हनाचं तं भुलाबाईच्या गाण्यातच म्हना लागे." भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणत, त्यांत सासरचे गाऱ्हाणे मोकळेपणी यायचे, आणि कोजागिरीनंतर ते तोंड वर्षभर मिटायचे. जुनी पिढी बदलाच्या विरुद्ध असते, ही आपली समजूत मुख्यतः ओसरीवर बसलेल्या पुरुषांना ऐकून झाली आहे.

गाडगेबाबांचे कीर्तन ऐकलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. जे सांगतात ते एक गोष्ट नेमकी सांगतात: बाबा उपदेश कमी करत आणि विचारत जास्त. कर्ज काढून सण कशाला करता, पोराला शाळेत घातले का, नवसाचे बकरे कुणी खाल्ले, असे एकापाठोपाठ एक प्रश्न वऱ्हाडी बोलीत, आणि उत्तर श्रोत्यांच्या तोंडून. आबाजींनी ते कीर्तन लहानपणी ऐकले. त्यांना कीर्तनातले प्रश्नच आठवतात आणि समोर कोणी काय उत्तर दिले तेही आठवते. माझ्या शिकवण्यात मी हा धागा घ्यायचा प्रयत्न करते. अकरावीच्या मुलांना सुट्टीत घरच्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाशी बोलायला सांगते, आणि "तुमच्या काळी जीवन कसे होते" हा प्रश्न विचारायला मनाई करते. त्याऐवजी: पायात पहिली चप्पल कधी आली? घरात लाईट लागली त्या रात्री काय केले? चहा गुळाचा होता की साखरेचा, आणि पाहुण्यांत कुणाला कपबशीत, कुणाला वेगळ्या पेल्यात? शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि त्या दिवशी हातात काय आले? एका मुलीच्या आजीने शेवटच्या प्रश्नावर एका शब्दात उत्तर दिले होते: "विळा." ती मुलगी वर्गात ते वाचून दाखवताना थांबली, कारण आजी शाळेत गेली होती हेच तिला तोवर माहीत नव्हते.

पेल्याच्या प्रश्नावर काही घरांतून तक्रार आली. मुलांना असले काय विचारायला लावता, झाले ते झाले, असे दोन पालक येऊन सांगून गेले. मी तो प्रश्न काढलेला नाही. ज्या घरांत वेगळा पेला होता तिथल्या मुलांनीच तो विचारायला हवा असे माझे ठाम मत आहे. ज्यांना त्या पेल्यात चहा मिळाला त्यांच्या नातवंडांना तो विचारावा लागत नाही, त्यांच्या घरी तो न विचारताच सांगितला जातो. आणि हे सगळे उरकायला फार वेळही नाही. गावातली तरुण माणसे पुण्याला, नागपूरला, सुरतेला आहेत. म्हातारी माणसे एकेका घरात एकेकटी आहेत आणि दिवसभर बोलायला कुणी नसते. त्यांना ऐकणारा हवा आहे आणि आपल्याला त्यांची माहिती हवी आहे. एवढा सरळ व्यवहार अडून राहू नये.

गोड्या विहिरीचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. बौद्धवाड्यातल्या बायकांनी स्वतःच्या हाताने तिथले पाणी पहिल्यांदा शेंदले ते कधी? आबाजी म्हणतात, फेडरेशनच्याही आधी, त्यांच्या वडिलांनीच रहाट मोकळा केला. काकाजी म्हणतात, नळ आल्यावर, म्हणजे विहिरीची कुणालाच गरज उरली नाही तेव्हा. मावशी म्हणतात की मधे एका उन्हाळ्यात झिरे पार आटले, तेव्हा बौद्धवाड्यातल्या दोघी जणी पहाटे दोर घेऊन गेल्या आणि कुणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी रहाटाची कप्पी जागेवर नव्हती. त्या दोघींपैकी एक आता नाशिकला मुलाकडे असते. काकाजींनी तिचा नंबर मिळवला आहे. तिला ऐकू कमी येते, म्हणून फोनवर न बोलता दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत, आणि आपणही येतो असे या आठवड्यात आबाजींनी स्वतःहून सांगितले आहे.